जाळीच्या कपाटाच्या नोंदी

3 नोव्हेंबर 2024, रविवार (भाऊबीज)

नौपाड्याच्या घरी सगळे जमलो. इमारत पुनर्विकासाला गेली आहे, डिसेंबरअखेर घर रिकामं करायचं. जेवणं झाली आणि बोलणं फिरून फिरून स्वयंपाकघरातल्या जाळीच्या कपाटावर आलं. आजोबांनी 1956 साली घरी सुतार बसवून ते करून घेतलं होतं. आजी जाऊन दोन वर्षं झाली, कपाट रिकामं आहे, तरी दार उघडलं की साय, तूप आणि लोणच्याचा खार यांचा मिळून एक वास येतो. आई म्हणते तिला तो आता येत नाही. मला येतो.

अख्खं ठेवणं शक्य नाही. पाठीच्या फळ्या वाळवीने खाल्ल्यात, मागचे दोन पाय बोटाने दाबले तरी भुसा पडतो. चरईच्या भाड्याच्या घरात ते मावणारही नाही. बाबांनी भंगारवाल्याला विचारून ठेवलं होतं. आत्या ताटावरून उठता उठता म्हणाली, "अख्खं राहणार नसेल तर वाटून घ्या, पण भंगारात घालू नका." ते काम मी अंगावर घेतलं. चार वर्षं शनिवार-रविवारी सुतारकाकांच्या गाळ्यात बसून रंधा धरायला शिकले आहे, ते कशासाठी?

एवढंच ठरवलं की प्रत्येकाला मिळेल ती वस्तू रोज हाताळायची असावी. काचेमागे ठेवायची नको.

9 नोव्हेंबर, दुसरा शनिवार

बँकेला सुट्टी. सकाळी नौपाड्याला जाऊन मापं घेतली. उंची साडेपाच फूट, रुंदी तीन, खोली सव्वा. चार पाय दोन बाय दोन इंची. तीन फळ्या, प्रत्येक 34 बाय 15 इंच, जाडी सहा सूत, म्हणजे पाऊण इंच. दोन दारं, वर जाळी, खाली लाकडाची दिल्ली, म्हणजे चौकटीत बसवलेली फळी. बाजूंनाही जाळी, ती लोखंडी आणि गंजून गेलेली.

लाकूड ओळखायला आतल्या बाजूला, बिजागरीखाली, रंधा जेमतेम एकदा फिरवला. सोनेरी तपकिरी रंग, बोटाला किंचित मेणचट, आणि तो ओळखीचा चामड्यासारखा वास. सागवान. पाठीच्या फळ्या मात्र खोक्यांच्या हलक्या लाकडाच्या, म्हणून वाळवीने आधी तिथे तोंड घातलं. पायांनाही ती जिथे लागली तिथे कडेची पांढुरकी पट्टी आहे. सागाच्या गाभ्यात वाळवीला न मानवणारी द्रव्यं असतात, झाडाच्या बाहेरच्या कोवळ्या लाकडात ती नसतात. तेव्हाच्या सुताराने लाकूड वाचवायला पायांत ती पट्टी येऊ दिली असणार.

बाहेरून सगळं हिरवं. हा ऑईल पेंट बाबांनी 1983 साली, दादाच्या जन्माच्या आधी लावला. त्याच्याखाली चपड्याचं पॉलिश आहे का, ते बघायला एक टवका उडालेल्या जागी स्पिरिटचा बोळा धरला. मिनिटभरात बोटाला चिकट लागलं. चपडाच. लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळतं, ऑईल पेंट विरघळत नाही.

या हिरव्या रंगाची काळजी घ्यायला हवी. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90) आत ठेवायचा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑईल पेंटमध्ये शिसं असणार असंच धरून चालायचं. म्हणजे कोरडा पॉलिश पेपर मारायचा नाही, मशीन तर नाहीच.

दुपारी उजव्या दाराच्या दिल्लीवर, आतल्या बाजूला, टॉर्च मारली. पेन्सिलीच्या रेघा आहेत हे लहानपणापासून माहीत होतं, नीट वाचल्या मात्र आजच. दुधाचा हिशेब आहे. रोजची एक उभी रेघ, पाचवी आडवी, महिन्याच्या शेवटी बेरीज. सगळ्यात वरच्या ओळींत बेरजेपुढे "आ." लिहिलंय. आणे. त्याखाली "न. पै." सुरू होतं. 1 एप्रिल 1957 ला रुपयाचे सोळा आण्यांऐवजी शंभर नये पैसे झाले, तो दिवस या फळीवर कुठल्या दोन ओळींच्या मध्ये आहे ते बोटाने दाखवता येतं. अगदी खाली नुसतं "पै.". नाण्यावरचा "नये" 1964 मध्ये गेला, तो आमच्या दारावरूनही गेला. खालच्या ओळी तिरक्या आहेत, रेघा दाबून काढलेल्या. आजी खाली बसून लिहीत असणार.

10 नोव्हेंबर, रविवार

सुतारकाका कळव्याहून आले. मी करवत बाहेर काढली होती, त्यांनी ती न बोलता पिशवीत परत ठेवली. "ताई, हे कापून सोडवायचं नाही. ज्याने जोडलंय त्याने सोडवायची वाट पण ठेवलीय. ती शोधायची."

वाट म्हणजे मेखा. प्रत्येक सांध्यावर, हिरव्या रंगाखाली, बोटाला हलकासा उंचवटा लागतो. पायाच्या खाचेत आडव्या पट्टीचं कुसू, म्हणजे टोकाची तासलेली जीभ, बसवून आरपार लाकडी मेख ठोकलेली. आतल्या बाजूने मेखेपेक्षा बारीक सळई ठेवून हातोडीने टिचक्या मारल्या की ती बाहेर येते. पंधरा आल्या. तीन अडून बसल्या, त्या गिरमिटाने पोखरून काढल्या.

मग सरस. पूर्वीचा सरस जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला, गरम पाण्याने पुन्हा मऊ होणारा. उकळत्या पाण्यात फडकं पिळून सांध्याला गुंडाळायचं, दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा गुंडाळायचं. तिसऱ्या वेळी एक कोंदट, ओल्या गोणपाटासारखा वास आला आणि काकांनी नुसत्या हाताने पट्टी डावी-उजवी हलवली. कुसू सरकलं.

बाहेर आलेलं कुसू मी बराच वेळ हातात धरून उभी होते. कपाट बाहेरून हिरवं, आतून काळपट, आणि 68 वर्षं बंद राहिलेला हा दीड इंच लख्ख सोनेरी. त्याच्या गालावर सुताराच्या टोकदार खिळ्याने मारलेली आखणीची रेघ आणि "२" हा आकडा. समोरच्या खाचेशेजारीही "२". माझ्या घरच्यांपैकी कुणीच हे कधी पाहिलं नव्हतं, आजीनेसुद्धा नाही.

दाराची दिल्ली चौकटीच्या खोबणीत मोकळी बसवलेली निघाली, सरसाचा थेंबही नाही. लाकूड पावसाळ्यात आडवं फुगतं, उन्हाळ्यात आवळतं, त्याला हलायला जागा दिली म्हणून ती इतक्या वर्षांत तडकली नाही. हे लक्षात ठेवायचं.

टेम्पोने जांभळी नाका, कोर्ट नाका, कळवा पूल असं करून सगळं गाळ्यात आणलं. खोक्यांचं लाकूड आणि वाळवी लागलेले तुकडे बाजूला काढून वापरण्याजोगं सागवान घनफूटभर निघालं.

16 नोव्हेंबर, शनिवार

खिळे. लोहचुंबक दोऱ्याला बांधून प्रत्येक तुकड्यावरून फिरवलं. जाळीच्या चुका, म्हणजे बारीक खिळे, धरून एकूण 140 निघाले, तरी दोन मोडके आत राहिलेत, तिथे खडूने फुल्या केल्या. रंध्याच्या पात्याला खिळा लागला तर पातं गेलं. साग तसाही पात्याची धार लवकर खातो, त्याच्यात वाळूतली सिलिका असते.

20 नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. सकाळी मत देऊन आले आणि दिवसभर हिरवा रंग काढला.

खाली जाड प्लास्टिक, हातमोजे, मास्क. लाकूड पाण्याने ओलं ठेवून बोथट पटाशीने खरवडत गेले. जिथे खाली चपड्याचा थर जाड आहे तिथे स्पिरिट आत झिरपवलं की रंग पापुद्र्यासारखा सुटतो. जिथे थर झिजलेला, तिथे रंग थेट लाकडाच्या रंध्रांत बसलाय, तो निघता निघत नाही. हात जिथे जास्त लागत होता तिथे पॉलिश आधीच झिजलं होतं, म्हणजे उजव्या दाराच्या मुठीभोवती. त्या वीतभर जागेला सगळ्यात जास्त वेळ गेला. निघालेला सगळा चोथा पिशवीत बांधून बाजूला ठेवला. जाळायचा नाही, कुंड्यांच्या जवळ न्यायचा नाही.

संध्याकाळी दादाला फोटो पाठवले. त्याचा फोन आला. मला वाटलं कौतुक करेल. म्हणाला, "छान आहे गं. पण आपलं कपाट हिरवं होतं."

खरंच आहे. आत्याचं कपाट पॉलिशचं, तपकिरी. दादाचं आणि माझं हिरवं. मी चकचकीत सागवान बाहेर काढायच्या नादात आमचंच कपाट खरवडत होते. डाव्या दाराची चौकट अजून राहिली आहे. तिला हात लावणार नाही.

23 नोव्हेंबर, चौथा शनिवार

वाटणी कागदावर काढली. हिशेबाची दिल्ली कापायची नाही, ती अखंड एका पेटीच्या झाकणात जाईल आणि आत्याला मिळेल. डाव्या दाराची हिरवी चौकट दादाला, ऐरोलीच्या घरात दाराशी किल्ल्या अडकवायला. आईबाबांना भाड्याच्या घरात देवापुढे ठेवायला छोटा चौरंग, मधल्या फळीचा. पुतणीला कंपासपेटी, पुढच्या पायाची. माझं मी शेवटी बघेन.

पोळपाट करावा असं आईचं म्हणणं होतं. नको म्हटलं. ज्या लाकडावर जुना रंग होता ते पिठाखाली नको.

1 डिसेंबर, रविवार

आज एक चूक झाली, ती जशी झाली तशी लिहून ठेवते.

मधल्या फळीवर तीन गोल डाग होते. बरण्यांच्या बुडांचे. तेल आणि खार वर्षानुवर्षं पाझरून लाकूड तिथे काळं झालं होतं, गोलाची कड इतकी स्पष्ट की बरणीचं बूड किती इंची होतं ते मोजता यावं. दोन लहान, एक मोठा, साडेसहा इंची. मला चौरंगासाठी फळी सपाट हवी होती. मशीनला 80 नंबरचा पेपर लावला, मोठ्या गोलाच्या कडेपासून सुरुवात केली, आणि मशीन हातात असलं की हात पुढे पुढे जातो. थांबवलं तेव्हा मोठा गोल निम्म्याहून जास्त गेला होता. राहिला तो चंद्रकोरीएवढा.

काका शेजारी कंपनीचं टेबल करत होते. त्यांनी येऊन बघितलं आणि फळीवरून तळवा फिरवला. "सपाट तर झालीय," एवढंच म्हणाले.

रात्री आत्याला फोन केला, सांगितल्याशिवाय झोप आली नसती. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मोठी ना? ती कैरीच्या लोणच्याची. चिनी मातीची, वर पिवळी, खाली पांढरी. तिच्या गळ्याला आई फडकं बांधायची." आणि मग दहा मिनिटं ती फळीवर काय कुठे असायचं ते सांगत राहिली. डावीकडे तूप, मागे गुळाचा डबा, दूध खालच्या फळीवर कारण ती गार. मांजर येऊ नये म्हणून कडी, मुंग्या येऊ नयेत म्हणून पायांखाली पाण्याच्या दगडी वाट्या. मी सगळं लिहून घेतलं.

यापुढे ज्या बाजूला माणसाचा हात लागलाय त्या बाजूला मशीन नाही. सपाटी मागच्या बाजूने काढायची.

8 डिसेंबर, रविवार

पेटीच्या बाजू गेल्या आठवड्यात चिकटवल्या होत्या. आज क्लॅम्प सोडले आणि दोन कोपरे हातात सुटून आले. गोंद एका बाजूला काचेसारखा वाळलेला, लाकडाला धरलेलाच नाही. सागात स्वतःचं तेल असतं, ताज्या कापलेल्या बाजूवर ते काही तासांत वर येतं आणि गोंदाला धरू देत नाही. कापून चार दिवस ठेवायला नको होतं. आज पुन्हा रंध्याची एक पातळ साल काढली, थिनरच्या फडक्याने पुसलं, थिनर उडेपर्यंत थांबले आणि लगेच चिकटवलं. कोपऱ्यांत आतून बारीक मेखाही मारल्या, कपाटाच्याच जुन्या मेखा तासून.

सागाच्या भुशाने दोन्ही हातांना कोपरापर्यंत खाज सुटली आहे. मास्क आहे, पण बाह्या दुमडून काम करायला नको.

14 डिसेंबर, दुसरा शनिवार (दत्तजयंती)

पेटीच्या झाकणाची चौकट झाली. खोबणीत दिल्ली मोकळी सोडली, दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा सूत जागा ठेवून, जशी पहिल्या सुताराने ठेवली होती. हिशेब आतल्या बाजूला. तो दाराच्या आतच होता, झाकणाच्याही आतच राहील.

पेन्सिलीवर पॉलिश कसं मारायचं याचा दोन दिवस विचार करत होते. पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्राफाइट, ते स्पिरिटमध्ये विरघळत नाही, पण फडक्याने घासलं तर पसरतं. रद्दी तुकड्यावर पेन्सिलीने रेघा मारून तीन पद्धती करून पाहिल्या. ब्रशने रेघ फिसकटली. बोळ्याने तर सगळं राखाडी. पंपाच्या बाटलीने पातळ चपडा हातभर लांबून उडवला तेव्हा रेघ जागच्या जागी राहिली. एकदा उडवून वाळवायचं, पुन्हा उडवायचं, असे चार हात दिले की रेघ लाखेखाली बंद होते, मग बोळा फिरवला तरी चालतो.

चपडा अर्धा लिटर स्पिरिटला 120 ग्रॅम, रात्रभर भिजवून, मलमलीतून गाळून. उडवायला तेच निम्मं पातळ केलं. पळस-कुसुमाच्या फांद्यांवरच्या किड्यांची ही लाख आजोबांच्या सुतारानेही वापरली होती, म्हणून बाजारातला पीयू (पॉलीयुरेथेन) कोट नको वाटला. दमट हवेत ती पांढरी धरते, सध्या ठाण्यात हवा कोरडी आहे तोवर उरकायचं.

पहिला फवारा बसला तेव्हा "न. पै." काळंभोर उठून दिसलं. हात थरथरत होता म्हणून बाटली खाली ठेवली.

22 डिसेंबर, रविवार

दादाची चौकट. हिरवा रंग तसाच, टवके उडालेल्या कडा तशाच. सुटणारे पापुद्रे ओल्या फडक्याने काढले आणि वरून पारदर्शक लॅकरचे तीन हात, रंग आतच राहावा म्हणून. जाळीच्या जागी मागून सागाची पट्टी, तिला पितळी हूक. वहिनीला सांगितलंय, उंचावर लावा, आणि लॅकर कुठे उडालं तर मला लगेच कळवा.

28 डिसेंबर, चौथा शनिवार

नौपाड्याचं घर रिकामं झालं. कपाटाच्या जागी भिंतीवर जुना निळा चुना आणि लादीवर चार वाट्यांचे चार गोल. त्या दगडी वाट्या आई पिशवीत घालत होती. चौरंगाच्या पायांखाली ठेवणार आहे म्हणाली. त्यात आता पाणी नको, म्हटलं. "पाणी नाही गं, फुलं."

5 जानेवारी 2025, रविवार

पुतणीची कंपासपेटी पायाच्या लाकडातून पोखरून काढली. बाहेरून पाय तसाच चौकोनी, कडेला जाळीच्या चुकांची भोकं ओळीने. ती बुजवायची ठरवली होती, तिने येऊन बघितली आणि म्हणाली, "नको आत्या, त्यातून पेन्सिलीचा वास बाहेर येईल." तशीच ठेवली.

चौरंग पूर्ण. दोन लहान गोल आणि एक चंद्रकोर वर, पॉलिश फक्त दोन हात.

माझ्यासाठी पायाच्या बुडाचा चार इंची ठोकळा घेतला. वाटीतल्या पाण्याने खालचा भाग कोळशासारखा काळा आहे, वर पाण्याच्या पातळीची रेघ. त्याची एक बाजू सपाट करून खाली बुचाचा पातळ तुकडा चिकटवला. पॉलिश पेपर गुंडाळून घासायचा ठोकळा. मशीनऐवजी आता हा.

14 जानेवारी, मंगळवार (संक्रांत)

बँकेतून निघून थेट चरईला. आत्या डोंबिवलीहून आधीच येऊन बसली होती. तिळगूळ दिला आणि पेटी मांडीवर ठेवली. तिने आधी बाहेरून हात फिरवला, मग झाकण उघडलं. चष्मा पुसून पुन्हा लावला. वरच्या ओळी वाचल्या, "हे आईचं." न. पै. पर्यंत बोट आलं, "हेही आईचं." मग बोट खालच्या तिरक्या ओळींवर येऊन थांबलं.

"हे कुणाचं माहितीये? हे माझं." ती सात-आठ वर्षांची होती. दूधवाला यायचा तेव्हा आजीचे हात कणकेत असायचे. "आई आतून ओरडायची, रेघ मार गं. मला वरपर्यंत हात पुरत नव्हता, म्हणून मी खाली मारायचे. खाली लिहिते म्हणून ओरडा खायचे रोज."

बाबा उठून आले, वाकून बघायला लागले. त्यांनाही हे माहीत नव्हतं. आत्याने पाचवी आडवी रेघ नखाने मागे-पुढे गिरवली, दाबून, तशीच.

झाकण नव्वद अंशाच्या पुढे गेलं की बिजागरीवर ताण येतोय, ते तिथे बसूनच दिसलं. रविवारी डोंबिवलीला जाऊन आतून बारीक पितळी साखळी लावायची आहे. उरलेलं सागवान, वीतभर लांबीच्या अकरा पट्ट्या, गाळ्यात आडव्या रचून ठेवल्यात, प्रत्येकीवर खडूने ती कपाटात कुठे होती ते लिहून.